टोंक नसलेला दोर

दोर हें मनुष्याच्या अति प्राचीन साधनांपैकीं एक साधन आहे. चाक फिरूं लागलें त्याच्या पूर्वीं कित्येक सहस्र वर्षें मनुष्य दोर वळीत होता. गाईचें दावें, बैलाचा कासरा, मोटेचा नाडा, आडावरचें चऱ्हाट, तान्ह्या मुलाच्या पाळण्याची दोरी, अशीं दोराचीं नांवें मराठींत इतकीं आहेत कीं त्यांवरूनच या वस्तूचा आणि संसाराचा संबंध किती जुना आहे हें कळून यावें. या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट मात्र समान आहे. प्रत्येकाला दोन टोंकें असतात, आणि दोराचें दुबळेपण बहुधा या टोंकांशींच असतें. चऱ्हाट झिजतें तें घागरीच्या गळ्याशीं, जेथें फांस बसतो तेथें. दावें तुटतें तें खुंट्याशीं. मधला दोर चांगला राहतो आणि टोंक दगा देतें, हा अनुभव घरोघरचा आहे.

या नियमाला एक जुना अपवाद आहे, तो रहाटगाडग्याचा. रहाटावरील गाडग्यांची माळ विहिरींत उतरते, भरते, वर येते, रिती होते आणि पुन्हां उतरते. तिला आरंभ नाहीं आणि शेवटही नाहीं. माळ करणारानें कोठें तरी दोन टोंकें एकत्र आणलेलीं असतात, पण माळ फिरूं लागली म्हणजे तीं कोठें होतीं याकडे कोणी पाहात नाहीं. हिमालयांत, आल्प्स पर्वतांत आणि अँडीज पर्वतांत आज जे पाळणे दरीवरून एकामागून एक ये-जा करतात, तें एक प्रचंड रहाटगाडगेंच होय. गाडग्यांच्या जागीं माणसें बसलेलीं असतात आणि सुंभाच्या जागीं पोलादी दोर असतो. त्या दोराचीं दोन टोंकें एके ठिकाणीं माणसाच्या हातानें एकमेकांत गुंफलेलीं असतात. हा सांधा डाक देऊन केलेला नसतो, खिळे ठोकून केलेला नसतो, कीं गांठ मारूनही केलेला नसतो. तो कोणत्या गरजेंतून निघाला, कशाच्या बळावर टिकतो, आणि दोर वळण्याचें काम यंत्राकडे गेल्यावरही सांधण्याचें काम हाताकडेच कां राहिलें, याचा इतिहास बोधप्रद आहे.

बाल्टिक समुद्राच्या कांठीं डान्झिग नांवाचें बंदर आहे. हल्लीं तें पोलंड देशांत असून त्यास ग्दान्स्क म्हणतात. १६४४ सालीं या शहराच्या तटबंदीचें काम चाललें होतें. शेजारच्या टेकडीची माती मधल्या पाण्यावरून तटापर्यंत न्यावयाची होती. आडाम वीबे नांवाच्या डच स्थपतीनें खांबांवरून दोराचें एक अखंड कडें फिरविलें, त्याला टोपल्या अडकविल्या, आणि घोड्यांच्या बळावर तें कडें फिरतें ठेवलें. भरलेल्या टोपल्या एका बाजूनें जात आणि रिकाम्या दुसऱ्या बाजूनें परत येत. आजच्या रज्जुमार्गाची सारी कल्पना या मातीच्या टोपल्यांत आलेली आहे. पण ती कल्पना पुढें दोनशें वर्षें फारशी वाढली नाहीं, कारण दोर तागाचा होता. तागाचा दोर पावसानें कुजतो, उन्हानें कमकुवत होतो, आणि लांबी फार वाढली म्हणजे स्वतःचाच भार त्याला जड होतो. कल्पना तयार होती. तिला पेलणारा दोर जन्माला यावयाचा होता.

तो जन्मास आला डोंगराच्या माथ्यावर नव्हे, तर डोंगराच्या पोटांत. जर्मनींतील हार्ट्‌झ पर्वतांत क्लाउस्थाल नांवाचें गांव आहे. त्याच्या आसपास रुप्याच्या आणि शिशाच्या जुन्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या इतक्या खोल गेल्या कीं तळाचें खनिज वर आणणें हाच एक बिकट प्रश्न होऊन बसला. तागाचे जाड दोर ओलींत लवकर कुजत आणि ते वारंवार बदलण्याचा खर्च परवडत नसे. लोखंडी सांखळी टिकाऊ खरी, परंतु शेंकडों कड्यांपैकीं एक कडी तुटली कीं सारी सांखळी तुटली; आणि तुटण्यापूर्वीं ती कडी कांहीं सूचना देईल असाही भरंवसा नसे. तेथील खाणींवरचा वरिष्ठ अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट (१७८७-१८४६) यानें सांखळ्या कां तुटतात याचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला, आणि १८३४ सालच्या जुलै महिन्यांत कॅरोलीन नांवाच्या खाणींत एक नवाच दोर लावला. तो घडीव लोखंडाच्या तारांचा होता. चार तारांचा एक पेड आणि तीन पेडांचा एक दोर, अशी त्याची रचना होती. प्रत्येक तार सुमारें साडेतीन मिलिमीटर जाड होती. तारांचा पीळ आणि पेडांचा पीळ हे दोन्ही एकाच दिशेचे होते, आणि तें सारें पिळण्याचें काम माणसांच्या हातांनीं झालें होतें.

या दोराचा गुण जितका त्याच्या लोखंडांत होता त्याहून अधिक त्याच्या पिळांत होता. बारा तारांपैकीं एक तार तुटली तर बाकीच्या अकरा भार घेतात. इतकेंच नव्हे, तर तुटलेली तारही सर्वस्वी निकामी होत नाहीं. तुटल्या जागेपासून कांहीं अंतरावर शेजारच्या तारा तिला आवळून धरतात, आणि त्या घर्षणाच्या जोरावर ती पुन्हां आपल्या वाट्याचा भार उचलूं लागते. सांखळींतली तुटकी कडी एकाकी असते. दोरांतल्या तुटक्या तारेला शेजार असतो. पुढें सांधा करणारांनीं जें साधलें त्याचें बीज येथेंच आहे. शेजाऱ्यांनीं नीट आवळून धरलें तर मोकळें टोंकही भार वाहूं शकतें, हें आल्बर्टच्या दोरानें दाखवून दिलें.

ही वार्ता इंग्लंडांत पोंचावयास फार काळ लागला नाहीं. लुइस गॉर्डन नांवाचा तरुण स्कॉटिश अभियंता १८३८ सालीं हार्ट्‌झच्या खाणी पाहावयास गेला होता. तेथला तारदोर पाहून त्यानें आपला मित्र रॉबर्ट न्यूअल यास पत्र धाडलें कीं असा दोर वळणारें यंत्र तूं तयार कर. न्यूअलनें १८४० सालीं आपल्या दोराचें पेटंट घेतलें. त्याच्या दोरांत मध्यभागीं तागाचा गाभा असून त्याभोंवतीं तारांचे पेड गुंडाळलेले होते. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतीं जॉन रोब्लिंग यानें १८४१ च्या सुमारास तारदोर वळण्यास आरंभ केला. याप्रमाणें दोर वळण्याचें काम जें हातांतून यंत्रांत गेलें तें कायमचेंच गेलें. पुढें लोखंडाच्या जागीं पोलाद आलें. आणि फिरत्या दोरासाठीं सहा पेड व त्यांच्या मध्यें एक मऊ गाभा ही रचना रूढ झाली. आल्बर्टची एकाच दिशेच्या पिळाची रीत १८७९ सालीं जॉन लँग या इंग्रजानें पुन्हां पेटंट करून घेतली, आणि आज ती बहुधा लँगच्याच नांवानें ओळखली जाते. रज्जुमार्गाच्या फिरत्या दोराला हाच पीळ विशेष पसंत पडतो, कारण त्यांत प्रत्येक तारेचा अधिक लांब भाग पृष्ठभागावर येतो आणि झीज एका बिंदूवर न होता वांटली जाते.

मधल्या मऊ गाभ्याकडे येथें विशेष लक्ष दिलें पाहिजे. वरवर पाहतां तो केवळ भरीचा वाटतो. भार पोलाद वाहतें; गाभा पेडांना जागच्या जागीं बसवितो आणि वंगण धरून ठेवतो. आल्बर्टच्या तीन पेडांच्या दोरांत गाभ्याची गरजच नव्हती. परंतु सहा पेड वर्तुळाकार मांडले कीं मध्यें पोकळी राहते, आणि ती भरावी लागते. या भरीच्या वस्तूनेंच पुढें सांध्याला घर दिलें.

तोंवर दोराला टोंकें होतींच. खाणींतल्या दोराचें एक टोंक वरच्या चक्राला आणि दुसरें पिंजऱ्याला बांधलेलें असे. डान्झिगची अखंड माळ पोलादांत उतरली ती १८६० नंतरच्या दशकांत. चार्ल्स हॉजसन या इंग्रजानें १८६८ सालीं अशा रज्जुमार्गाचें पेटंट घेतलें कीं ज्यांत एकच अखंड दोर भार उचलतो आणि तोच भार वाहून नेतो. लेस्टरशर परगण्यांत बार्डन हिल येथील दगडाच्या खाणींत तो चालूं झाला. त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अँड्रयू हॅलिडी हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को शहरांत तारदोर वळण्याचा धंदा करीत होता. त्याचा जन्म १८३६ सालीं लंडनमध्यें झाला होता, आणि त्याच्या वडिलांनींही तारदोराचीं पेटंटें घेतलेलीं होतीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढांवर ओल्या फरसावरून घोडे घसरून पडत, तें पाहून त्याला गाड्या दोरानें ओढण्याची कल्पना सुचली असें सांगतात. १८७३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत क्ले नांवाच्या रस्त्यावर त्याची पहिली गाडी चालली. रस्त्याखालीं एका चरांतून अखंड दोर सतत फिरत राही. गाडी चालविणारा चिमट्यानें तो दोर धरी म्हणजे गाडी चाले, आणि चिमटा सोडला कीं गाडी थांबे.

आतां अडचण उभी राहिली ती सांध्याची. हा दोर असंख्य कप्प्यांवरून धांवतो. त्याला चिमट्याच्या जबड्यांतून जावयाचें असतें. तेथें गांठ चालत नाहीं, कडी चालत नाहीं, जाड सांधाही चालत नाहीं. सांधा असूनही तो नसल्यासारखा असला पाहिजे. ही विद्या लोखंडाच्या कारखान्यांत नव्हती. ती होती शिडाच्या जहाजांवर. खलाशांना दोन दोर जोडण्याच्या दोन रीती पूर्वापार ठाऊक होत्या. आंखूड सांधा लवकर होतो व मजबूत असतो, पण तो जाड होत असल्यामुळें कप्पींतून जात नाहीं. ज्या दोराला कप्पींतून धांवावयाचें असेल त्याला ते लांब सांधा घालीत. त्यांत पेडांचीं टोंकें एके जागीं न आणतां निरनिराळ्या अंतरांवर आणीत, म्हणजे जाडी वाढत नसे. तागाच्या दोरावर शिकलेली ही रीत पोलादावर उतरवितांना मात्र फार बदलावी लागली. तागाचा पेड सांगाल तसा वांकतो. पोलादाच्या पेडाला यंत्रानें जो आकार दिलेला असतो तो एकदां मोडला म्हणजे परत येत नाहीं. तागाचें शेपूट दोराच्या बाहेर पेडांखालीं खुपसतां येतें; पोलादाचें शेपूट तसें ठेवलें तर पहिल्याच कप्पीखालीं तें उसवून निघेल. तेव्हां तें दडवावयाचें कोठें? उत्तर दोराच्या पोटांतच होतें. मऊ गाभा काढावयाचा आणि त्याच्या जागीं पेडाचें शेपूट घालावयाचें.

सहा पेडांच्या पोलादी दोराचा सांधा आजही मूलतः असाच करतात. दोराचीं दोन्ही टोंकें ताणून एकमेकांच्या पलीकडे नेतात, आणि दोन्हीकडे भक्कम शिकंजे लावून ताण त्यांवर घेतात, म्हणजे मधला भाग ढिला राहून कामास सांपडतो. मोजमाप करून खुणा करतात. मग प्रत्येक टोंकाचे सहा पेड सुटे करून तेवढ्या भागाचा गाभा कापून टाकतात. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावींत त्याप्रमाणें एका बाजूचे सहा पेड दुसऱ्या बाजूच्या सहा पेडांत आळीपाळीनें बसवितात. अशा पेडांच्या सहा जोड्या होतात. मग एका जोडींतला एक पेड आपल्या दोरांतून हळूहळू उलगडतात, आणि जी खांच मोकळी होत जाईल तींत त्याच्या जोडीदाराला पाठोपाठ बसवीत जातात. उलगडणारा आणि बसविणारा या दोघांचीं पावलें जुळलीं पाहिजेत. एक पुढें गेला तर खांच मिटते, दुसरा घाई करील तर पेडाचा पीळ बिघडतो. तीन जोड्या या दिशेला आणि तीन त्या दिशेला, प्रत्येक वेगळ्या अंतरापर्यंत, असें करीत गेल्यावर सबंध सांध्यांत सहा भेटीच्या जागा तयार होतात. प्रत्येक जागीं दोन पेडांचीं टोंकें समोरासमोर आलेलीं असतात.

खरें कौशल्य यापुढें आहे. टोंकदार पोलादी सळया पेडांमधून घालून दोर थोडासा उघडतात. सळई पिळाच्या मार्गानें फिरवीत न्यावयाची. तिच्या पुढें गाभा बाहेर निघत जातो आणि तिच्या मागें पेडाचें शेपूट त्याच्या जागीं शिरत जातें. शेपूट गाभ्यापेक्षां बारीक असेल तर त्याला आधींच चिकटपट्टी गुंडाळून बरोबर जाडी आणावी लागते. जाडी कमी पडली तर बाहेरचे पेड त्याला पुरेसें आवळत नाहींत. अधिक झाली तर त्या जागीं दोर फुगतो आणि कप्प्यांवर झिजूं लागतो. ज्या ठिकाणीं नवें शेपूट संपतें त्याच ठिकाणीं जुना गाभा पुन्हां सुरू झाला पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर तेथें पेड आंत दबतात. अशीं एकंदर बारा शेपटें आंत घातल्यावर दोर लांकडी हातोड्यानें ठोकून गोल करतात, आणि प्रत्येक भेटीच्या जागेचा व्यास मोजून लिहून ठेवतात.

युरोपांतील नियमांप्रमाणें अशा सांध्याची लांबी दोराच्या व्यासाच्या निदान १,२०० पट असावी लागते, आणि आंत घातलेलें प्रत्येक शेपूट व्यासाच्या निदान ६० पट असावें लागतें. ५० मिलिमीटर जाडीचा दोर घेतला तर सांधा ६० मीटर लांब होतो, आणि एकेक शेपूट ३ मीटरांचें होतें. बारा शेपटांचे मिळून ३६ मीटर पेड दोराच्या पोटांत दडलेले असतात. असा दोर मीटरास सुमारें नऊ किलोग्रॅम भरतो. म्हणजे नुसता सांध्याचा भागच पांचशें किलोग्रॅमहून जड असतो. हें काम एकट्याचें नव्हे. चारआठ माणसांची टोळी आणि तिला हुकूम देणारा एक जाणता सांधणारा, असा हा मेळ असतो. आणि तो बहुधा डोंगराच्या उतारावर, मिळेल त्या हवेंत, उघड्यावर काम करतो.

इतका लांब सांधा कशासाठीं, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर असें कीं भेटीच्या सहा जागा एकमेकींपासून दूर ठेवल्या म्हणजे दोराच्या कोणत्याही एका जागीं एकाच पेडाचा भार घर्षणावर असतो. बाकीचे पांच पेड अखंड असतात. आणि त्या एका पेडाला त्याचे शेजारी धरून ठेवतात. दोरावर जितका ताण येईल तितके बाहेरचे पेड आंतल्या शेपटावर अधिक घट्ट आवळले जातात. म्हणजे जो भार सांधा उसवूं पाहतो तोच भार सांधा बळकट करतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण आपल्याकडे हट्टी माणसाविषयीं वापरतात. पोलादी दोरांत तोच पीळ शेंकडों माणसांचे प्राण राखतो.

माणसें या दोरावर मोठ्या प्रमाणावर जीव टाकूं लागलीं तीं विसाव्या शतकांत. १९०८ सालीं आल्प्समध्यें बोल्झानोजवळ कोलर्न येथें आणि स्वित्झर्लंडांत ग्रिंडेलवाल्डजवळ वेटरहॉर्न येथें प्रवाशांचे रज्जुमार्ग सुरू झाले. पहिल्या महायुद्धांत इटली व ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांनीं आल्प्सच्या कड्यांवर दारूगोळा, अन्न आणि जखमी सैनिक नेण्यासाठीं अनेक रज्जुमार्ग उभारले, आणि या विद्येचा प्रसार झाला. १९३६ सालीं अमेरिकेंत सन व्हॅली येथें फिरत्या दोरावर खुर्च्या टांगण्यांत आल्या. जहाजावर केळ्यांचे घड चढविण्याच्या यंत्रावरून जेम्स करन या अभियंत्याला ती युक्ति सुचली होती. १९४५ सालीं स्वित्झर्लंडांत फ्लिम्स येथें आणखी एक पाऊल पुढें पडलें: तेथील खुर्ची स्थानकांत शिरतांच दोर सोडी, प्रवासी सावकाश उतरत-चढत, आणि खुर्ची पुन्हां दोर धरी. हॅलिडीच्या चिमट्याचीच ही आकाशांतील आवृत्ति होती. आजचे बंद पाळणे याच तत्त्वावर चालतात.

सर्वच पाळणे असे फिरते नसतात. १९९६ सालीं सुरू झालेल्या रायगडच्या रज्जुमार्गांत एका बाजूचे पाळणे वर चढतात तेव्हां दुसऱ्या बाजूचे खालीं उतरतात आणि पुन्हां उलट वळतात. परंतु काश्मिरांत गुलमर्ग येथें, जेथें पहिला टप्पा १९९८ सालीं आणि दुसरा २००५ सालीं खुला होऊन प्रवासी समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या जवळपास पोंचूं लागले, तेथें पाळणे अखंड दोराला धरून फिरतात. बोलिव्हिया देशाच्या ला पाझ शहरांत २०१४ सालापासून असे मार्ग शहरावरूनच बांधले गेले, आणि तेथील लोक सहलीसाठीं नव्हे तर रोजच्या कामधंद्यासाठीं त्यांत बसतात. अशा प्रत्येक अखंड दोरांत कोठें तरी सांधा असतोच, कारण वर्तुळाकार दोर कोणताही कारखाना देऊं शकत नाहीं. दोर रिळावर गुंडाळून येतो. तो खांबांवरून फिरवून मग जागेवरच सांधावा लागतो. म्हणूनच यंत्राला हें काम घेतां आलें नाहीं.

टोंक दगा देतें, हा घरगुती अनुभव मोठ्या यंत्रांतही खोटा ठरलेला नाहीं. २३ मे २०२१ रोजीं इटलींत स्त्रेझा गांवाहून मोत्तारोने डोंगरावर जाणाऱ्या पाळण्याचा ओढणारा दोर तुटला आणि १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तो दोर मध्यें तुटला नव्हता. पाळण्याला जेथें त्याचें टोंक अडकविलेलें होतें त्याच्या लगत तुटला होता. दोर तुटल्यावर पाळणा धरून ठेवणारा ब्रेक होता, पण वारंवार थांबण्याची अडचण नको म्हणून तो मुद्दाम निकामी करून ठेवलेला होता. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं पोर्तुगालांत लिस्बन शहरांतील ग्लोरिया नांवाच्या चढावरील दोराची गाडी कोसळून १६ माणसें मेलीं. तेथेंही दोर सुटला तो गाडीखालच्या जोडणीच्या जागीं, आणि ती जागा सुटी केल्यावांचून दिसत नसे. त्या दिवशीं सकाळीं पाहणी झाली होती. परंतु जें डोळ्यांना दिसतच नाहीं तें पाहणीला कसें सांपडावें?

अखंड दोराला असें बांधलेलें टोंक नसतें, हा त्याचा मोठाच लाभ आहे. त्याचा सांधा खालून, वरून, चारी बाजूंनीं तपासतां येतो. त्याचा व्यास मोजतां येतो. लोहचुंबकाच्या साहाय्यानें आंतल्या तुटक्या तारांचाही शोध घेतां येतो. पण अखंडपणाची एक किंमतही आहे. कॅनडांत स्क्वामिश येथील पाळण्यांचा दोर १० ऑगस्ट २०१९ रोजीं कोणी दुष्टानें रात्रीच्या अंधारांत मुद्दाम कापला, आणि नवा दोर घालून मार्ग सुरू केल्यावर १४ सप्टेंबर २०२० रोजीं तोच प्रकार पुन्हां झाला. पाळण्यांत माणसें नव्हतीं म्हणून प्राणहानि टळली, परंतु दोर एके ठिकाणीं तुटतांच साऱ्या मार्गावरचा ताण गेला आणि पाळणे खालीं कोसळले. माळ एके जागीं तुटली कीं सबंध तुटते. म्हणूनच सांधा दोराच्या इतर भागाच्या तोडीचा असावा लागतो. थोडा कमी चालेल, असें म्हणण्याची सोय तेथें नाहीं.

शिवाय एकदां घातलेला सांधा जन्माचा नसतो. नवा दोर वापरांत ताणला जाऊन लांबतो. मग तो कापून आंखूड करावा लागतो आणि सांधा नव्यानें घालावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोंत आजही चार दोर रस्त्याखालून ताशीं सुमारें पंधरा किलोमीटर वेगानें फिरतात. सव्वा इंच जाडीचे हे दोर चिमट्यांच्या घासण्यानें कांहीं महिन्यांतच झिजतात, आणि ते बदलण्याचें व सांधण्याचें काम गाड्या बंद झाल्यावर रात्रीं चालतें. सकाळीं गाडींत बसणाराला रात्रींच्या कामाची वार्ताही नसते.

या इतिहासांत वीबे, आल्बर्ट, न्यूअल, हॉजसन आणि हॅलिडी यांचीं नांवें आलीं, कारण पेटंटांत, ग्रंथांत आणि पुतळ्यांवर तींच असतात. सहा पेड बारा शेपटांनीं सांधण्याची रीत प्रथम कोणत्या खलाशानें लोखंडी दोरावर आजमावली, त्याचें नांव कोणत्याही पेटंटावर नाहीं. ती विद्या पुस्तकांतून कमी आणि हाताखालीं काम करून अधिक शिकली जाते. सळई किती दाबली म्हणजे पेड उघडेल पण मोडणार नाहीं, हें कोष्टकांत लिहितां येत नाहीं. असे जाणते सांधणारे जगांत थोडेच असतात, आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर त्यांना बोलावून नेतात.

तेव्हां दरीवरून जाणाऱ्या पाळण्यांत बसलेला मनुष्य वस्तुतः दोन गोष्टींवर विश्वास ठेवीत असतो. एक, पोलादावर, त्याची कसोटी कारखान्यांत होते आणि तिचे आंकडे मिळतात. दुसरी, ज्यानें शेपूट योग्य जाडीचें केलें कीं नाहीं, गाभा नेमक्या जागीं कापला कीं नाहीं, आणि व्यास खरोखर मोजून लिहिला कीं नाहीं, त्या अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर. स्त्रेझा येथें ब्रेक निकामी करण्यांत आला तो गाडी थांबूं नये म्हणून. सांधा घालण्यास आणि तो तपासण्यास मार्ग बंद ठेवावा लागतो, तिकिटांचें उत्पन्न बुडतें, आणि प्रवासी कुरकुरतात. असा बंद दरवाजा पाहून परत फिरावें लागलें तर प्रवाशानें रागावूं नये. वर कोठें तरी चारआठ माणसें दोराचा पीळ उलगडून पुन्हां बसवीत आहेत, आणि त्यांना घाई न करण्याची मुभा मिळाली आहे, असा त्या बंद दरवाजाचा अर्थ असतो.